‘बरा हाय साहेब’ या उत्तरावर नाकारलेल्या दाखल्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
वैद्यकीय तपासणी मंडळ,
तिसरा मजला (लिफ्ट बंद)

विषय : श्री. बुधाजी सुकऱ्या निरगुडे, रा. वांगणीजवळची वाडी, यांना काम करण्यास असमर्थ असल्याचा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : ‘रुग्ण स्वतःच बरा असल्याचे सांगतो’ हा आपला एका ओळीचा शेरा.

महोदय,

सर्वप्रथम शेऱ्याबद्दल अभिनंदन. फुप्फुसाचा जुना आजार एका ओळीत बरा करणे वैद्यकशास्त्राला अजून जमलेले नाही. आपल्याला ते मान वर न करता जमले.

२. बुधाजी उल्हासनगरच्या एका कारखान्यात नव्या कोऱ्या जीन्सवर दाबाने वाळू मारीत असत. पँट जुनी दिसली की जास्त दराने खपते, असे कळते. तोंडाला बांधायला मालकाने रुमाल दिला होता. वाळूने त्याला जुमानले नाही. आज चप्पल घालायला वाकले तरी त्यांना भिंत धरावी लागते. त्यांच्या पत्नी चंद्रीबाई आमच्या मांजर्लीत दारोदार रानभाजी विकत; माझी या घराशी ओळख तेवढीच. नवऱ्याला एकटे सोडता येत नाही, म्हणून तेही बंद झाले. आपला दाखला मिळाला तर शासनाचे मासिक अनुदान सुरू होईल. न मिळाल्यास त्या घरात चूल कशावर पेटायची, याचा खुलासा आपल्या शेऱ्यात नाही.

३. आम्ही आधी अपंगांच्या खिडकीवर गेलो होतो. तिथल्या लिपिकाने यादी वाचून दाखवली : डोळे, कान, हात, पाय. फुप्फुस कुठे आहे असे विचारता, “ते आत असतं,” असे उत्तर मिळाले. त्यांच्या शरीरशास्त्राबद्दल आमची तक्रार नाही. त्यांनीच आपला मजला दाखवला.

४. तपासणीच्या दिवशी बुधाजी प्रत्येक वळणावर बसत बसत जिना चढले. वर पोचले तेव्हा ओठ निळे पडले होते आणि स्वतःचे नावही सांगता येत नव्हते. ते चंद्रीबाईंनी सांगितले. त्या क्षणी आपण नुसते पाहिले असते तरी प्रकरण मिटले असते. परंतु आपण बैठकीत होता. शिपाई भला माणूस. त्याने त्यांना पंख्याखाली बसवले, पाणी दिले. बैठक संपेपर्यंत श्वास परत आला. शासकीय बैठकीचा रुग्णाला गुण आल्याचे हे पहिलेच उदाहरण असावे, आणि नेमके तेच त्यांच्या मुळावर आले.

५. मग आपण विचारलेत, “काय बाबा, कसं काय?” बुधाजींनी हात जोडून सांगितले, “बरा हाय साहेब. तुमचा बरा हाय ना?” त्यांच्या वाडीत मोठ्या माणसाने विचारपूस केली की हेच उत्तर देतात, अंथरुणाला खिळलेला माणूसही हेच देतो. चंद्रीबाईंना मी यावर जरा बोललो, तर मलाच ऐकावे लागले : “मोठा मानूस आपनहून इचारतो, त्याला काय रडगाना सांगायचा?” आपण मात्र ते उत्तर उतरवून घेतलेत. एक्स-रे पिशवीतच राहिला. महोदय, आपणही वरिष्ठांना ‘कामकाज सुरळीत आहे’ असेच कळवत असाल. ते खरे धरण्याइतके निर्दयी आपले वरिष्ठ नसावेत.

६. फेरतपासणीच्या आशेने मी तालीम घेतली. खुर्चीत साहेब होऊन बसलो, मान खाली घातली आणि आपलाच प्रश्न विचारला. “मरतोय साहेब” एवढेच म्हणायचे होते. बुधाजी दोनदा ओठापर्यंत आणून थांबले. म्हणाले, “असा कसा बोलायचा? साहेबांना वाईट वाटंल.” तशी कोणतीही शक्यता नाही, हे मी परोपरीने समजावले. त्यांना ते पटलेले नाही.

७. सबब विनंती की, फेरतपासणीची तारीख द्यावी व त्या दिवशी बैठक ठेवू नये. आपण स्वतः जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहावे आणि बुधाजी पोचताच तोच प्रश्न विचारावा. उत्तर येणार नाही. ते न आलेले उत्तर शेऱ्यात जसेच्या तसे नोंदवावे.

तारीख जवळची असावी. लांबची दिलीत तर बुधाजी गैरहजर राहतील, आणि त्या दिवशीचा आपला शेरा पहिल्यांदाच अचूक असेल.

आपल्या मजल्याच्या उंचीचा आदर राखून,

देवदत्त भास्कर आंबवणे
(सेवानिवृत्त), मांजर्ली, बदलापूर पश्चिम
दि. ४ फेब्रुवारी २०२५

सोबत : छातीचा एक्स-रे (उजेडाकडे धरून पाहतात).