बरं व्हायचंय का?

आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो.

काल दुपारी माझ्यासोबत खोलीत राहणाऱ्या सुतारकाकांनी विचारलं, “तुला बरं व्हायचंय का?” तिथेच मी बदललो. जिच्यावर माझा जीव होता, तिचं लग्न झाल्यापासून मी खाटेवर पडून होतो. तुला नुसता ताप कळवला होता.

काकांनी येशूची गोष्ट सांगितली. तळ्याकाठी अडतीस वर्षं पडलेल्या आजाऱ्याला त्याने हेच विचारलं. तो ‘हो’ म्हणेना, दुसऱ्यांनाच बोल लावत बसला.

“तो आजारी म्हणजे तुझाच थोरला भाऊ,” काका म्हणाले. मी भडकलो, मग हसूच फुटलं.

येशूने त्याला तरीही उठवलं. मलाही उठवलं, आई. मन शांत आहे.

बाबांचा गुडघा कसा आहे? त्यांना सांग, अर्धवट सोडलेलं कॉलेज पुरं करतोय, आजच नाव घालतो.

अंथरूण गुंडाळलंय. दार ओढून निघालेला,
तुझा तापट लेक