रिपोर्ट आईने वाचायचा

१२ मार्च २००१

पुन्हा रक्त! या महिन्यात तिसऱ्यांदा तपासायला काढलं. मुलाच्या लग्नाला पाच वर्षं झाली, पाळणा हलला नाही, म्हणून. देवश्रीचा दंड निळा पडलाय. वर हसते — "आई, आता त्या सिस्टर मला नावानं हाक मारतात."

संध्याकाळी बैठकीत नेहमीचा कार्यक्रम. मी चष्मा लावून रिपोर्ट वाचायचा, बाकीच्यांनी पोथीसारखा ऐकायचा. हे निजामाच्या काळात उर्दूत शिकले, वन्सं चौथी पास. घरातलं इंग्रजी म्हणजे मी — सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटची! लग्नानंतरची अडतीस वर्षं ते टॉनिकच्या बाटल्या वाचण्यात गेलं, आता एकदम मान आलाय. विश्वजीतला येतं वाचता, पण बायकोचं असलं काही मुलाने वडिलांसमोर कसं वाचायचं? देवश्री तर बी.एस्सी. आहे — पण सुनेचा रिपोर्ट सुनेनेच? छे! रीत आहे काही!

थायरॉईड नॉर्मल. साखर नॉर्मल. वन्संचा चेहरा पडला. "सगळंच नॉर्मल कसं असंल वहिनी? नीट बघा की!"

१९ मार्च

आजचं लिहिताना हसू आवरत नाही. नांदेडच्या डॉक्टरबाईंना देवश्रीच्या पाळीच्या वर्षभराच्या तारखा हव्या होत्या. तिला तीनचार महिन्यांच्या आठवल्या. घरी हे मी वन्संच्या कानात बोलले, तर झोपाळ्यावर बसलेले हे उठले आणि फडताळातून पाच पंचांगं काढून आणली! दर महिन्याला शाईचा बारीक ठिपका. लग्न झाल्यापासूनचे. "नैवेद्य कुणाच्या हातचा, ते बघावं लागतं," एवढंच बोलले.

अडतीस वर्षांत ज्या माणसाने तो शब्द तोंडातून काढला नाही, त्याच्याकडे पाच वर्षांचा हिशोब — एक ठिपका चुकलेला नाही! सून बाजूला बसली की सासऱ्यांचं पंचांग उघडणार. माझेही असतील कुठेतरी, माळ्यावर.

देवश्रीने त्या तारखा कागदावर उतरवून घेतल्या.

२ एप्रिल

नळ्यांचा एक्स-रे. आत औषध सोडतात आणि फोटो काढतात. "थोडं दुखेल," म्हणाल्या. दाराबाहेर मला तिचा आवाज आला. एकदाच.

परतताना एसटीत आखाडा बाळापूरपर्यंत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून पडून होती. मला कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर क्लारा आठवल्या. गुडघा फुटला की कडेवर घेऊन फुंकर घालायच्या. मी देवश्रीच्या हातावर फुंकर घातली. दुखत होतं भलतीकडे!

३ एप्रिल

दोन्ही नळ्या मोकळ्या. वाचून दाखवलं. विश्वजीत पेपरातून मान वर न काढता "बरं" म्हणाला.

१७ एप्रिल

डॉक्टरबाई आज जरा तापल्याच. "नवऱ्याची तपासणी झाल्याशिवाय मी एक गोळी लिहून देणार नाही. खरं तर त्यांचीच आधी करायची असते. सगळ्यात सोपी ती!" विश्वजीत अर्थातच आलेला नव्हता. नवा जिल्हा, नवी जिल्हा परिषद — त्याचं टेबल एक दिवस रिकामं राहिलं तर हिंगोली बुडेल!

बाकावर शेजारी डोंगरकड्याकडच्या तांड्यावरचं जोडपं होतं, वसराम आणि भिकाबाई. वसरामने पहिल्याच दिवशी स्वतःचं तपासून घेतलेलं. मी विचारलं, लाज नाही वाटली?

"लाज कायची, माय? बैलच बसला असंल तर गाडीला काहून मारायचं?"

भिकाबाईने पदर तोंडाला लावला. "लई शाना! रगत काढताना डोळे मिटून बसला व्हता, ते न्हाई सांगत!"

घरी हा बैल मी कुणाला सांगितला नाही.

२९ एप्रिल

सांगायला हवा होता.

विश्वजीत — "मला काय झालंय? ठणठणीत आहे मी."

हे — "आपल्या घराण्यात असलं कधी झालं नाही." (ह्यांच्या दोन काकांनी दत्तक घेऊन वंश चालवला. ते घराणं बहुतेक शेजारच्यांचं!)

वन्सं — "गोरेगावची एक पोरगी बघून ठेवली म्या. पयले फारकत घेऊ, मग बोलू. नुसतंच दुसरं केलं तर सरकारी नोकरी जाईल." कायद्याला किती जपतं आमचं घर!

आत देवश्री पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

मी सांगून टाकलं — याची तपासणी होईपर्यंत या घरात मी इंग्रजीचं अक्षर वाचणार नाही. औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा!

१४ मे

संप चालू आहे. ह्यांनी काल खोकल्याऐवजी पोटाचं औषध घेतलं.

२६ मे

गेला एकदाचा! अमावस्या टळू दिली, मग. डॉक्टरबाईंनी तीन दिवस पथ्य सांगितलेलं — कसलं, ते तो आत्याला कोणत्या तोंडाने सांगणार? वन्संनी तीन दिवस कांदालसूण बंद करून मुगाची खिचडी घातली. पोरगं मुकाट खात राहिलं.

नांदेडला त्या खोलीतून बाहेर आला तो कानापर्यंत लाल. एक डबी, वीस मिनिटं. एवढ्यासाठी देवश्रीचे अडीच महिने.

२ जून

रिपोर्ट आणायला देवश्री एकटीच गेली. रस्ता पाठ झालाय. पाकीट बंदच माझ्या हातात दिलं. बैठकीत सगळे बसलेले. चष्मा लावला.

पहिल्याच ओळीत होतं. काउंट — निल, शून्य. खाली डॉक्टरबाईंच्या अक्षरात — महिन्याने पुन्हा तपासावं, पण आशा कमी.

मान वर केली तर विश्वजीत माझ्याकडे बघत होता. सातवीचा निकाल होता, तेव्हा शाळेच्या फाटकात उभा राहून असाच बघत होता. एकतीस वर्षांचा झाला, डोळे तेच.

"नॉर्मल," मी म्हणाले.

कागद घडी करून कमरेला खोचला. वन्संनी लगेच पेढे मागवले. "आता तर कळलं ना, कुणात हाय ते!" ह्यांनी पहिला पेढा देवापुढे ठेवला.

देवश्रीने सगळ्यांना पाणी दिलं. मलाही.

३ जून

तीन महिने या वहीत सगळ्यांना हसले. आज हसायला कुणी उरलं नाही.

५ जून

रविवारी गोरेगावचे लोक येणार. विश्वजीत नको म्हणत नाही, हो म्हणत नाही. जेवतो आणि ऑफिसला जातो. रिपोर्ट माझ्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली.

दुपारी देवश्री माझ्या केसांना तेल लावत होती. म्हणाली, "आई, पाकीट मी बाळापूरला बस थांबली तेव्हाच उघडलं होतं. हिंगोलीत उतरल्यावर पोस्टातल्या डिंकानं परत चिकटवलं."

माझ्याने मागे वळवेना. तिचा हात थांबला नव्हता.

"काहून?" मी विचारलं.

"तुम्ही काय वाचता, ते बघायचं होतं."

मग वेणी घातली. नेहमीसारखी, घट्ट नाही, सैल नाही.

६ जून

सगळ्यांना बैठकीत बसवलं. देवश्रीलासुद्धा, खुर्चीवर. त्या दिवशी खोटं वाचलं म्हणून सांगितलं आणि कागदावर होतं ते वाचलं. ह्यांना निल कळेना. त्यांच्या शाळेतल्या भाषेत सांगितलं — सिफर. विश्वजीतची मान खाली.   मग हे वन्संना म्हणाले, "गंगू, गोरेगावला निरोप धाड. पोरगी चांगल्या घरी द्या म्हणावं."