आबांच्या आवाजासाठी प्रीअ‍ॅम्प

४ फेब्रु.
गोव्याच्या डॉक्टरांनी आज स्पष्ट सांगितलं. स्वरयंत्र काढावं लागणार. आबा जगतील, बोलणार नाहीत. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. येताना आबा गाडीत खिडकीबाहेर बघत बसले. वर्षभर घसा बसलेला, आणि हा माणूस मिठाच्या गुळण्या करत राहिला. मलाही सांगितलं नाही. इतका राग आलाय की जेवले नाही.

देवळात गाऱ्हाणं घालायचा, गावाच्या वतीने देवापुढे मागणं मांडायचा, मान आमच्या घराचा. आबांनी जन्मभर घातलं. तो आवाज जायच्या आत मला धरून ठेवायचाय. बाकी काही नको.

५ फेब्रु.
मोबाईलवर घेऊन बघितलं, आबांना नुसतं बोलायला लावून. बेकार. आबा थांबले की मोबाईल स्वतःच्या अकलेने आवाज चढवतो. समुद्र, पंखा, शेजारचं गाणं, सगळं वर. आबा बोलले की दाबून टाकतो. शेजारचा होमस्टे दादाचाच. स्पीकर बंद कर म्हटलं तर, "गिरायकां आसत गो, त्येंका कसा सांगू?" बाप दिसत नाही, गिऱ्हाइकं दिसतात.

भजन मंडळाचा जुना माईक उत्तम आहे. पण त्याचा सिग्नल इतका बारीक की लॅपटॉपला पत्ताच लागत नाही. मध्ये आवाज वाढवायला प्रीअ‍ॅम्प पाहिजे. मागवला तर देवबागला पोचेपर्यंत आबांचं ऑपरेशन होऊन जाईल. एवढी वर्षं मालवणात लोकांचे टीव्ही-मिक्सर उघडतेय, दुकानात भंगार काय कमी आहे? मीच करणार.

६ फेब्रु.
मेलेल्या कॅसेट डेकमधून आयसी काढला. टेपवरचा बारीक सिग्नल मोठा करणं हेच त्याचं काम, म्हणजे आपल्याच कामाचा. रेझिस्टर त्याच बोर्डवरचे. कपॅसिटरचे पाय खाऱ्या हवेने हिरवे पडलेले. एक हातात मोडला. दुसरा सोल्डर करताना मोडला. मोठ्याने शिव्या घातल्या, दारात आलेली बाई मिक्सर घेऊन परत गेली. जाऊ दे.

संध्याकाळी लावून बघितला. घूंऽऽ. लाइटची भणभण आबांपेक्षा मोठी. अ‍ॅडॉप्टर काढून फेकला. उद्या बॅटरीवर.

७ फेब्रु.
बॅटरीवर अर्धी घूं गेली. गेन, म्हणजे आवाज किती पट मोठा करायचा ते, वाढवला तर शिट्टी. आत जाणारी वायर आणि बाहेर येणारी वायर शेजारी शेजारी बांधलेली, नवशिक्यासारखी. स्वतःचाच संताप आला. सगळं तोडलं, परत जोडलं. चहापत्तीच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं, डबा ग्राउंडला जोडला, झाकण लावलं. गप्प झालं एकदम. हेडफोनमध्ये फक्त माझा श्वास. जरा रडले.

तेवढ्यात दादा आला. काय चाललंय ते सांगितलं तर खूश. "बरा झाला. रेकॉर्डिंग झाला की देवळात स्पीकरार लावूया. माजी कटकट गेली." आबांनंतर मान त्याचा, आणि त्याला एक ओळ येत नाही. मला सगळं पाठ. पण मी बाई, मला कोण विचारतो. आणि देवापुढे म्हणे स्पीकर. हातात सोल्डरिंग आयर्न तापलेली होती. खाली ठेवली.

८ फेब्रु.
आबांना म्हटलं, टेस्टला दोन ओळी घाला. भडकले. आवाज फाटका, पण जोर तोच.
"टेस्टाक? देव रिकामो बसलो आसा काय? मागणा आसल्याशिवाय गाऱ्हाणा मी घालूचंय नाय."
मग ऑपरेशनसाठी घाला, म्हटलं.
"स्वतासाठी कोणी घालनत नाय."
मीही ओरडले. आवाज चाललाय आणि यांना नियम सुचतायत. भात करपला. दोघांनी तसाच खाल्ला.

१० फेब्रु.
सकाळी आबा धुतलेलं धोतर नेसून आपणहून बसले. "मागणा गावला. दादाक बोलाव." दादा आला, स्पीकर बंद करून आला, तेवढं तरी. पंखा बंद. आबांचा आवाज अगदीच बारीक, म्हणून गेन पूर्ण वर.

"बा देवा म्हाराजा..." आबांनी सुरुवात केली आणि थांबले. आमच्याकडे बघितलं. दादा मोबाईलमध्ये. मी तोंडावर हात धरलेला, रेकॉर्डिंगमध्ये दुसरा आवाज नको म्हणून. बुद्धी कुठे ठेवली होती? समोरून 'व्हय म्हाराजा' आल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही, हे लहानपणापासून ऐकतेय. आबा म्हणाले, "अरे, मी भिंतीक सांगतंय काय?"

परत पहिल्यापासून. "बा देवा म्हाराजा, हो आवाज आता तुज्या पायाकडे ठेयतंय. ह्या घराचो मान म्होरे कोण चालवतलो, ता तूच दाखय..."

दादाने मान खाली घातली. मग मीच ओरडले, व्हय म्हाराजा. रागानेच. आबा माझं संपायची वाट न बघता पुढे गेले, देवळात जातात तसेच. प्रत्येक ओळीला मीच. दादा शेवटपर्यंत मुका.

ऐकून बघितलं. आबा स्वच्छ, घशातली खरखरसुद्धा येते. माझा आवाज फाटलेला, डब्यात पत्रा आपटल्यासारखा. गेन माझ्यासाठी लावलाच नव्हता. आबांना म्हटलं, परत घ्यायचं का? "एकदा देवाच्या कानार घातला. परत कित्याक?"

१५ फेब्रु. हॉस्पिटल
ऑप. परवा झालं. ठीक, म्हणतात. आबा झोपून असतात, गळ्यात नळी.

दादाचा मेसेज: जत्रा जवळ आली, फाईल पाठव. पण तुझा आवाज काढून टाक, बायलमाणसाचो आवाज गाभाऱ्यासमोर बरो दिसना नाय.

लॅपटॉपवर करून बघितलं. माझं प्रत्येक 'व्हय म्हाराजा' आबांच्या पुढच्या ओळीच्या सुरुवातीवर चढलेलं आहे. मला कापलं की आबांचे शब्द जातात. त्याला कळवलं, निघत नाही. तो म्हणतो, बघ काय जमता ता. मी जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

संध्याकाळी आबा जागे झाले. नर्सने पाटी दिलीय. तिच्यावर लिहिलं, "जत्रेक उबो कोण रवतलो?" म्हणजे गाऱ्हाणं घालायला.
दादा स्पीकर लावणार म्हणतोय, असं सांगितलं. आबांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग पाटी माझ्याकडे सरकवली, पेन्सिलपण. अहो, मला बोलता येतं, म्हटलं. ऐकेनात. बोटाने पाटीवरच्या 'कोण'वर टकटक केलं.
त्यांच्या ओळीखाली अर्धी पाटी रिकामी आहे. ते बघतायत. मी अजून काही लिहिलेलं नाही.