मागचं डावं चाक

अब्बा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. पौडचं गॅरेज आता मी चालवते. तुम्ही गाडीचं दुखणं कानानं ओळखायचात. आता डॅशबोर्डवर दिवे लागतात. परवा आलेल्या गाडीत दोन लागले होते, ब्रेकचा लाल आणि घसरत्या गाडीचं चित्र असलेला पिवळा. लालचं कारण सोपं होतं. पॅड झिजल्यामुळे ब्रेक ऑइलची पातळी खाली गेलेली, आणि गाडीचा मालक वरून ऑइल ओतून दिवा विझवत बसला होता. त्याला चार शब्द सुनावले आणि पॅड बदलले. पिवळ्यासाठी मशीन जोडलं, तर त्यानं मागच्या डाव्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर खराब दाखवला. तोही बदलला, दिवा गेला, गाडी दिली. चाक जॅकवर होतं, पण दोन्ही हातांनी धरून हलवून बघितलं नाही. मशीन सांगतंय म्हटल्यावर कोण हलवतं? तुम्ही हलवायचात. गाडी हॉर्नसाठी आली तरी चारही चाकं हलवायचात, आणि मला त्याचा वैताग यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाचा फोन आला. सुनेला सातवा महिना, तिला कोकणात माहेरी सोडायला निघाला होता, आणि प्रत्येक वळणावर पिवळा दिवा पुन्हा लागत होता.

"ब्रेक तर लागत्यात. ताम्हिणी उतरू का?"

"हाय तितंच थांबा. मी येते."

स्कूटरवर जॅक टाकून गेले. चाक उचलून धरलं, तर पडायला आलेल्या दातासारखं हललं. बेअरिंग गेलं होतं. वळणावर चाक डुलायचं, सेन्सरपुढचं अंतर बदलायचं, म्हणून दिवा. सून रस्त्याकडेला डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

मी नववीत असतानाचं आठवतंय. एका गाडीच्या चाकाचे नट आवळले की नाही याची तुम्हाला खात्री नसते, म्हणून मला मागं बसवून तुम्ही त्या गाडीवाल्याच्या गावी, कासारसाईला जाता. ओट्यावर माणसं बसलेली. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणता, "चूक माझी हाय. मी बघितलं न्हाई." नट घट्टच निघतात. कुणीतरी हसतं. घरी येऊन मी चुलीपाशी अम्मीला सांगितलं की अब्बांनी लाज आणली. तुम्ही भाकरी मोडत होतात. ऐकलंत आणि पुढचा घास घेतलात. त्या माझ्या बोलण्याची मला अजून लाज वाटते.

गाडी ओढून गॅरेजात आणली, बेअरिंग बदललं. गाडी घेताना मालकानं विचारलं, नेमकं झालं काय होतं? मी म्हटलं, नवा सेन्सरच खराब निघाला. तो म्हणाला, "बापावानीच हायेस तू. दुसऱ्यानं घाटात तसंच जाऊ दिलं असतं." मी त्यानं मागवलेला चहा प्यायले.

तुम्ही असतात तर तुमच्यापाशी सगळं कबूल केलं असतं, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही. तुम्ही समोर असतात तर तुम्हालाही मी सेन्सरच सांगितला असता.