पद्मव्वाचं पहिलं वाक्य

गुरुवार, २८ ऑगस्ट २०२५

बसले एकदाची! दोन वर्षांनी. कादंबरीची फाइल उघडायला गेले तर लॅपटॉप विचारतो, अपडेट करू का? म्हटलं बाबा, थांब तू, आधी माझं होऊ दे.

आजपासून आमचं जैनांचं दशलक्षण पर्व. दहा दिवस कुणी उपास करतं, कुणी एकदाच जेवतं. मी मनाशी वेगळंच व्रत घेतलंय — सकाळी मंदिरातून आलं की दुपारपर्यंत टेबलाशी. खासबागेतलं हे घर आता दिवसभर शांत असतं. आईला जाऊन आठ महिने झाले. तरी कुकरची शिट्टी झाली की मान तिच्या खोलीकडे वळतेच — दचकली का ती म्हणून.

कादंबरी पद्मव्वाची. पद्मव्वा म्हणजे आईची आत्या, निपाणीकडची. तिनं एका चातुर्मासात मौन घेतलं. चातुर्मास संपला, मुनिमहाराज पुढच्या गावी गेले, सगळा गाव हिच्या बोलण्याची वाट बघत बसला — आणि ही बोललीच नाही! नऊ वर्षं. नवरा थकला, सासू थकली, पंच थकले. मग एक दिवस बोलली.

काय बोलली, ते आईनं कधी सांगितलं नाही. लहानपणी विचारलं की म्हणायची, "मी व्हते व्हय तिथं?" मोठेपणी विचारलं तरी तेच. आणि माझं पुस्तक तिथंच अडलंय. नऊ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य! ते सापडत नाही तोवर मागची सगळी पानं नुसती रद्दी. वाक्यं किती लिहिली, किती खोडली. कधी शाप, कधी प्रार्थना, कधी नवऱ्याला सवाल. सगळी खोटी. नाटकात शोभतील अशी.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

आज उत्तम मार्दव. अहंकार सोडायचा दिवस. एक परिच्छेद लिहिला. वाईट आहे. पण लिहिला!

शनिवार, ३० ऑगस्ट

शेजारची मंगल फोन घेऊन धावत आली. "आक्का, भनीचं बघितलीस काय? लई भारी गं! माझ्या डोळ्यातनं पाणीच आलं बघ."

माझी धाकटी बहीण ब्राह्मी. पुण्यातल्या कुठल्याशा कार्यक्रमात गोष्ट सांगतेय. अंगावर आईची जांभळी इरकल — मीच धुऊन, इस्त्री करून ठेवलेली, ती 'आठवण म्हणून' घेऊन गेली. केस मोकळे. हातात कागद नाही. 'ही माझ्या आईनं मला सांगितलेली गोष्ट.' आणि सुरू केली — पद्मव्वा!

माझी पद्मव्वा. तिचा चातुर्मास, तिचे पंच, सगळं. आणि शेवटी — घरात पाहुणे भरलेत, पुतणीला बघायला आलेत, गप्पा रंगल्यात, बायकांची धावपळ चाललीय, आणि कोपऱ्यात चुलीपाशी नऊ वर्षं गप्प बसलेली पद्मव्वा एकदम बोलते —

"दूध उतू चाललंय, दिसत न्हाय व्हय कुणाला?"

सभागृहात टाळ्या. थांबेचनात.

मंगल म्हणाली, "तुला म्हाईत असंल की ही गोष्ट."

म्हटलं, "थोडी थोडी."

रविवार, ३१ ऑगस्ट

काही लिहिलं नाही. तो व्हिडिओ बघितला. परत परत बघितला. दर वेळी वाटतं, आता तरी ते वाक्य फसेल. फसत नाही.

आईनं हिला सांगितलं. मला नाही.

ब्राह्मी महिन्यातून एकदा यायची. कोगनोळीचा नाका ओलांडला की फोन — "आले गं कर्नाटकात!" की इकडे आई उठून बसायची. ज्या आईला मी तासभर 'उठ, दोन घास खा' म्हणत असायचे, ती! केस विंचरायला सांगायची. ही यायची ती गाडीचा गारवा अंगावर घेऊन, अत्तराचा वास घेऊन. आईच्या गादीवर मांडी घालून बसायची, फोन उशीशी ठेवायची आणि म्हणायची, "हं, सांग गं आई, जुनं काहीतरी." मी तेव्हा मागे दोरीवर चादरी टाकत असायचे. नाहीतर गॅसपाशी. दोघींच्या हसण्याचा आवाज यायचा.

मी आईचं अंग पुसलं. तिनं आईचे शब्द नेले.

खरं तर मीही विचारू शकले असते. पण विचारायला शेजारी बसावं लागतं. मी कधी बसले?

सोमवार, १ सप्टेंबर

आज उत्तम सत्य. तर सत्य असं — ते वाक्य उत्तम आहे. मी खोडलेल्या सगळ्या वाक्यांपेक्षा. त्याचाच तर राग! वीस वर्षं लिहिणारी मी, आणि बँकेतली ब्राह्मी. इतकं साधं, मला का सुचू नये?

बुधवार, ३ सप्टेंबर

ब्राह्मीचा फोन.

"आक्का, बघितलीस काय? काहीच बोलली न्हाईस."

"बघितला."

"मग?"

"साडी छान दिसत होती."

ती म्हणाली, "दाजी सांगत होते, कादंबरी परत चालू केलीस म्हणून. मला एवढं बरं वाटलं गं."

"चालू करून काय करू? शेवट तर तू वाटून टाकलास सगळ्या गावाला."

"अगं, पण ते तर तूच —"

"मी काय? मी भांडी घासत व्हते!"

ठेवून दिला. चिडले की माझ्या तोंडून निपाणीच निघते. तूच मला गोष्टींची गोडी लावलीस, तूच माझी प्रेरणा — असलं काहीतरी म्हणणार असेल. गोड बोलण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. नको मला ते.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

आज आकिंचन्य. या जगात माझं म्हणून काही नाही, असं म्हणायचा दिवस. मंदिरात पंडितजी छान बोलले. मी मान हलवत होते आणि मनात — साडी माझी, गोष्ट माझी, आई माझी.

जेवताना वृषभ म्हणाला (नवऱ्याला कागदावर तरी नावानं हाक मारते), "तेच वाक्य घाल की तुझ्या पुस्तकात. आई दोघींची व्हती का न्हाय?"

"आई दोघींची. वाक्य तिचं."

"वाक्य आईचं, म्हणजे दोघींचं!"

"अहो, तुम्ही भात घ्या."

त्याचा हिशोब बरोबर आहे. म्हणून तर जास्तच भात वाढला.

शनिवार, ६ सप्टेंबर

पर्व संपलं. माझं व्रत कधीच मोडलंय. पद्मव्वाच्या तोंडी दुसरं काहीतरी घालून बघितलं — 'पाऊस आला, कपडे काढा.' शी! नक्कल.

सोमवार, ८ सप्टेंबर

आज क्षमावाणी. वर्षभरात ज्याचं मन दुखावलं त्याची हात जोडून क्षमा मागायची. पूर्वी आई आम्हाला घेऊन निपाणीत घरोघरी जायची. आता मंदिरात भेटतील त्यांना हात जोडायचे आणि उरलेल्या गोतावळ्याला मोबाइलवर एकच संदेश. मीही सकाळी कमळाच्या चित्राचा एक पाठवला — 'जाणता-अजाणता आपलं मन दुखावलं असेल तर अंतःकरणापासून क्षमा असावी.' एक बटण, फोनमधल्या सगळ्यांना. त्यात ब्राह्मीही आहे, हे लक्षातच नाही!

मी चप्पल घालते तोवर तिचा फोन. रडत होती.

"आक्का, तू पयल्यांदा मागितलीस! मीच धीर करत व्हते गं इतके दिवस."

आता काय सांगू? की बाई, हाच संदेश चिकोडीच्या मामांनाही गेलाय, आणि आपल्या गॅसवाल्यालाही? तशीच उभी राहिले. एक पायात चप्पल, एक हातात.

"मला बी क्षमा कर," ती म्हणाली. "तुझा लई हेवा वाटायचा मला."

"माझा?"

"मी आले की आई हसायची. खरं गं. पण तहान लागली की तुझं नाव. भ्याली की तुझं नाव. मला बघून तर शेवटी शेवटी तुला हाक मारायची, पाव्हण्यास्नी च्या दिलीस काय, त्रिशला?"

मला हसू आलं. मग नाही आलं.

"आईची ती रेकॉर्डिंग पाठवते, मी फोनवर केलेली. कार्यक्रमात सांगितलं ते माझं जोडून-सवरून सांगितलेलं. हे सगळं हाय, कापलेलं न्हाय. शेवटपर्यंत ऐक."

दुपारी आली. उघडली नाही.

बुधवार, १० सप्टेंबर

अजून नाही ऐकली. भाजी निवडताना फोन पालथा घालून ठेवते. हेवा वाटतो मला त्या फोनचाच — तिच्या फोनचा. आईचा आवाज तिच्याकडे राहिला. माझ्याकडे काय? गोळ्यांच्या वेळा. कोणती जेवणाआधी, कोणती नंतर — अजून तोंडपाठ आहेत.

आणि भीती अशी, की आई ते वाक्य म्हणेल. हसून, रंगवून, ब्राह्मीकडे बघत. आणि मी शेजारच्याच खोलीत असेन.

शनिवार, १३ सप्टेंबर

ऐकलं. दुपारी, आईच्या गादीवर बसून.

आई पद्मव्वापर्यंत येते. पाहुणे आलेत, घर भरलंय. आणि थांबते. ब्राह्मी विचारते, "मग? काय म्हणाली?" आई म्हणते, "इसरले की गं." मग आई मोठ्यानं हाक मारते, "त्रिशला! अगं त्रिशला! काय म्हणाली गं पद्मव्वा?"

लांबून, भांड्यांच्या आवाजातून, एक कावलेली बाई ओरडते —

"दूध उतू चाललंय, दिसत न्हाय व्हय कुणाला?"

आई खुदकन हसते. "व्हय, व्हय. त्येच. त्येच म्हणाली बघ."

परत मागे घेऊन ऐकलं, तेव्हा ओळखला. आवाज माझा आहे.

मला यातलं काहीही आठवत नाही. गॅसवर माझं खरंच दूध उतू चाललं असणार. फाइल उघडली. वाक्य लिहिलं. खोडलं नाही.