चिठ्ठीवाल्याचा शोध

प्रिय मामांस, तुमच्या पाळक भाच्याचा सलाम.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींना सांगा, त्याच्यासाठी रोज प्रार्थना करतो. (हे वाक्य सवयीने लिहिलं. खरं काय ते पुढे येतंच आहे.) इकडे सगळं क्षेम, फक्त मी गेले दोन महिने आतून कोरडाठाक पडलोय. व्यासपीठावर आवाज खणखणीत, डोळे मिटलेले. लोक म्हणतात, आज पाळकसाहेबांची प्रार्थना काय रंगली! आणि मी मनात शोधत असतो, चष्मा कुठे राहिला. घरी एकट्याने गुडघे टेकले की तोंडातून शब्द फुटत नाही. असंच चाललं तर हे काम सोडावं लागेल, अशी भीती वाटते. सांगणार कुणाला? सगळे आपलं गाऱ्हाणं घेऊन माझ्याकडेच येतात.

चर्चच्या दाराजवळची चिठ्ठ्यांची पेटी आठवते ना? तुम्ही इथे पाळक होता तेव्हा तुम्हीच बसवलेली. नाव न सांगता प्रार्थना हवी त्याने चिठ्ठी टाकायची, पाळकाने ती रविवारी उपासनेत वाचायची. म्हटलं, आपणही टाकावी. टेबलावरचा कागद फाडला, डाव्या हाताने लिहिलं, "दोन महिने मला प्रार्थनाच करता येत नाही. माझ्यासाठी प्रार्थना करा," आणि हळूच पेटीत सोडली. रविवारी माझीच चिठ्ठी मीच गंभीर चेहऱ्याने वाचली. एरवी खोकणारेसुद्धा खोकायचे थांबले.

उपासना संपताच पियानोवाल्या बाईंनी मला गाठलं. (निवृत्त मुख्याध्यापिका, शिवाय कमिटीच्या अध्यक्षा, त्यामुळे पळायला वाव नाही.) म्हणाल्या, "पाळकसाहेब, हा जीव एकटा पडता कामा नये. घरोघर जा, शोधून काढा."

झालं! मीच मला शोधायला निघालो. अकरा घरं पालथी घातली. चहा यायचा आणि मी चोरासारखा विचारायचो, चिठ्ठी तुमची तर नाही ना? सुतारकाका म्हणाले, "माझी नाही, पण असती तरी चाललं असतं." दोघी नर्स बहिणी तर एकमेकींकडे बोट दाखवून भांडल्या. निघताना मात्र प्रत्येक घरी एकच प्रकार: बसा जरा, त्या माणसासाठी प्रार्थना करू. मी तोंड उघडलं की मला गप्प करायचे, आणि घरातलंच कुणीतरी अडखळत, साध्या शब्दांत मागायचं. मी हात जोडून ऐकायचो. सातव्या घरी डोळ्यांत पाणी आलं, ते चहाच्या वाफेवर ढकललं.

असो. माणूस सापडला नाही, असं आज कमिटीला कळवायला जातो आहे. मामींना सलाम.

तुमचा,
भाचा

ता. क. जाऊन आलो. वाचलेल्या चिठ्ठ्या बाईंकडे जमा होतात. त्यांनी माझी काढली आणि उलटी करून दाखवली. मागे माझ्याच उपदेशाचं टिपण, माझ्या सुवाच्य अक्षरात: "अखंड प्रार्थना कशी करावी: तीन मुद्दे." अकराही घरांना त्यांनी आधीच फोन केले होते. (म्हणजे नर्स बहिणींचं भांडण नाटकच!)

ता. क. २. म्हणून विनंती, पुढच्या महिन्यातला पहिला रविवार तुम्ही घ्या. मला एकदा मागच्या बाकावर बसून बेसूर गायचंय. गुडघ्याची सबब नको, तुमचं नाव जाहीर करून बसलोय. आणि त्या गुडघ्यासाठी आत्ता, हे लिहिता लिहिता उठून, खरोखर प्रार्थना करून आलो. चष्मा आठवला नाही.