माझ्या नावाचा जिवाणू

३ नोव्हेंबर
आजपासून रोज लिहायचं. थोर शास्त्रज्ञांच्या वह्या पुढे म्युझियममध्ये ठेवतात. अक्षर सुधारणे.
काम सोपं आहे. कोबीवरची अळी मारणारा जिवाणू शोधायचा. नाहीतर महिनाअखेर प्रोजेक्ट बंद आणि मी घरी, असं लॅबच्या मॅडम म्हणाल्या. हसत म्हणाल्या, म्हणजे गंमतच असणार.

७ नोव्हेंबर
सर्दी. तरी लॅबला गेलो. मेलेली अळी सापडली! तिच्यातला जिवाणू प्लेटमध्ये वाढत ठेवला. ज्युनियर म्हणाली, सर, मास्क लावा. मास्कमध्ये मला विचार सुचत नाहीत.

१० नोव्हेंबर
वाढला! पिवळाधमक. काय रुबाब! जीनोम वाचायला पाठवला. अळीला कुठलं जनुक मारतं ते रिपोर्टमध्ये कळेल. मला आत्ताच कळलंय. जिवाणूला माझंच नाव दिलं. बायको म्हणाली, बाजारात तुरी... पुढचं मी ऐकलं नाही.

१२ नोव्हेंबर
सासऱ्यांच्या अख्ख्या कोबीला अळी. ते औषध आणायला निघाले होते. म्हटलं, विष कशाला? जावई काय कामाचा? थांबले बिचारे. माझं काही ऐकण्याची त्यांची पहिलीच वेळ. अगदी भरून आलं.

१६ नोव्हेंबर
फवारलं. रिपोर्टची वाट बघत बसलं तर शास्त्र पुढे कसं जाणार? अळ्या निपचित. सासूबाई म्हणाल्या, खाऊन सुस्तावल्यात. त्या मायक्रोबायॉलॉजी शिकलेल्या नाहीत.

२४ नोव्हेंबर
रिपोर्ट आला. अळी मारणारं एकही जनुक नाही. जिवाणू माणसाच्या नाकात राहणारा. मॅडमनी विचारलं, प्लेटवर शिंकलात का? म्हटलं, थोडासा. ज्युनियर ओढणी तोंडावर धरून बाहेर पळाली.
पण मग नाव बरोबरच दिलं होतं की!

३० नोव्हेंबर
प्रोजेक्ट बंद. मॅडमनी गंमत केली नव्हती.
सासऱ्यांच्या कोबीची पार चाळण झालीय. वाईट वाटलं. खरंच वाटलं. तोंड लपवून घरी बसणार होतो, बायकोने ओढत शेतावर नेलं. सासरे ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी साबणाच्या पाण्याची बादली पुढे केली आणि शांतपणे विचारलं, जावईबापू, शिंकून मारणार की हाताने?
हाताने, म्हटलं.
एकेक अळी वेचायची, बादलीत टाकायची. हेही जैविक नियंत्रणच. मी जैविक आहे. संध्याकाळपर्यंत माझा अर्धा वाफा झाला.
सासूबाईंचे तीन झाले.